नर्स, सिस्टर, कांगोशी, काइगो: कुठल्या देशात कोण काय करतं? (आणि आमच्या जपानी आजींची गुंडाळी)

रानजाई

मिरजेत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, मग सांगलीत एका खासगी हॉस्पिटलात सहा वर्षं स्टाफ नर्स. त्यातली चार आयसीयूत. २०२२ पासून जपानमध्ये आहे, क्योतो प्रांतात. क्योतो म्हटलं की लोकांना देवळं आणि लाल पानं आठवतात. मी आहे ती त्याच प्रांताची पार उत्तरेकडची बाजू, समुद्रकाठ. सतत पाऊस, थंडीत बर्फ. इकडची माणसं म्हणतात, डबा विसरलास तर चालेल, छत्री विसरू नको.

धागा काढायचं कारण असं की मागच्या आठवड्यात गावाकडून फोन आला. "ताई, तू तिकडे नर्स आहेस ना? माझंही नर्सिंग झालंय, मलाही बोलव." तिला जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या दहा जणींना नुसती लिंक पाठवता येईल. बाकीच्या देशांत काय आहे ते तुम्ही सांगा.

तर, मी इथे नर्स नाही. नर्स म्हणजे कांगोशी. तिचा परवाना केंद्र सरकारचा. (पूर्वी बाईला कांगोफु म्हणायचे, २००२ पासून बाई-पुरुष दोघांना कांगोशी. सुईण मात्र अजूनही फक्त बाईच होऊ शकते, कायद्यातच तसं आहे.) तिच्या खालोखाल जुन-कांगोशी, तिचा परवाना प्रांताच्या गव्हर्नरचा. आणि मी काइगो, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं सगळं करणारी. व्हिसा 'तोकुतेई गिनो', म्हणजे ठरावीक कौशल्याचा, मुदत पाच वर्षं. तेवढ्यात काइगोची राष्ट्रीय परीक्षा पास झाले तर पुढे राहता येतं, नाहीतर सामान बांधायचं.

माझं मिरजेचं सर्टिफिकेट इथे कपाटात आहे. ते चालवायचं तर आधी जपानीची सगळ्यात वरची, एन-१ परीक्षा, मग मंत्रालयाकडून पात्रता, मग फेब्रुवारीतली नर्सिंगची परीक्षा, ती जपानी पोरींबरोबर जपानीतूनच. माझी गाडी एन-२ वर अडली आहे.

आता काम. सांगलीत मी सलाईन लावायचे, रक्त काढायचे, कॅथेटर घालायचे. रात्री दोनला ईसीजी बघून डॉक्टरांना उठवायचं की नाही, हेही खरं तर मीच ठरवायचे. पण बेडपॅन मावशी द्यायच्या. अंग मावशी पुसायच्या, नाहीतर नातेवाईक. सहा वर्षांत मी किती पेशंटना आंघोळ घातली? एकालाही नाही. इथे बरोबर उलटं. आंघोळ, डायपर, भरवणं, दात घासणं, कूस बदलणं सगळं माझं, आणि इंजेक्शनला हात लावायचा नाही. घशातला कफ यंत्राने ओढायला काइगोला २०१२ पासून परवानगी आहे, पण त्याचंही वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. इथल्या मोठ्या हॉस्पिटलातल्या कांगोशीसुद्धा पेशंटचं अंग स्वतः पुसतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

पहिल्या वर्षी मी रडले ते घाणीला नाही. रात्रपाळीला आमच्याकडे नर्स नसते, तिला घरी फोन करायचा. एका आजोबांचा ऑक्सिजन खाली चाललेला मला दिसत होता, पुढे काय करायचं ते हाताला येत होतं, आणि मी फोन कानाला लावून "या" म्हणत उभी. ती चौदा मिनिटांत आली. आजोबा वाचले. पण ती चौदा मिनिटं अजून माझ्या अंगावर आहेत.

आता आजींचं.

आमच्याकडे एक आजी आहेत. नाव, गाव सांगणार नाही. जन्म १९२५ चा. शंभरीबद्दल या सप्टेंबरात त्यांना पंतप्रधानांचं पत्र आणि चांदीचा पेला आला. चांदीचा म्हणजे, २०१६ पासून मुलाम्याचा. शंभरी गाठणारे इतके झालेत. आजींना मुलगी ओळखू येत नाही. चहा दाट करून द्यावा लागतो, पातळ चहा श्वासनलिकेत जातो म्हणून. पावडर घालून अगदी पिठल्यासारखा. चव विचारू नका.

मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांची आंघोळ. नंतर मांडीवर छोटा टॉवेल ठेवला की दर वेळी एकच गोष्ट. त्या टॉवेल लांबीत दुमडायच्या, चार बोटं रुंद, आणि एका टोकाकडून गुंडाळायला लागायच्या. घट्ट. दर दोन वेढ्यांनी अंगठ्याच्या नखाने कड सारखी करायच्या. शेवटचं टोक तिरकं दुमडून आत खोचायच्या आणि गुंडाळी माझ्या हातात द्यायच्या. मी "आरिगातो" म्हणून ती धुण्याच्या बादलीत टाकायचे. आठ महिने टाकली. मग एक दिवस ती हातातून निसटली, फरशीवर घरंगळत भिंतीपर्यंत गेली आणि सुटली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रोलर बँडेज! पहिल्या वर्षाला आम्ही मिरजेत हेच करत बसायचो. ट्यूटर मॅडम गुंडाळी हात उंच करून खाली सोडायच्या, सुटली की परत पहिल्यापासून.

मुलीला विचारलं. ती सत्तरीला आलेली, स्वतः निवृत्त होकेन्शी, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका. म्हणाली, "आई रेडक्रॉसची नर्स होती. १९४४ ला मांचुरियाला (चीनचा ईशान्य भाग, तेव्हा जपानच्या ताब्यातला) गेली, १९५३ ला परत आली." मी म्हटलं, युद्ध तर १९४५ ला संपलं. मधली आठ वर्षं? "चीनच्या फौजेत," म्हणाली, आणि पाऊस किती लागलाय यावर आली.

आणखी एक. मी भारतातली आहे असं कुणीतरी सांगितल्यावर आजी माझ्याकडे बघून 'क-तिहुआ' असं काहीतरी म्हणाल्या. दोनदा. मुलीलाही कळलं नाही. कुणाला काही सुचतं का?

तिखटमीठ

रानजाई, मावशीचं वाचून हसले आणि मग हसू गेलं. मी स्टुटगार्टला. आमच्या बॅचच्या सहा मुली केरळच्या, दोघी आम्ही मराठी. पहिल्या आठवड्यात प्रत्येकीने घरी फोन करून हेच सांगितलं असणार: आई, इथे नर्सच आंघोळ घालते. त्यावर कडी म्हणजे आमच्या वॉर्डात रक्त डॉक्टर काढतात. मी नागपूरला दिवसाला तीस-चाळीस जणांचं रक्त काढत होते. इथे ज्युनिअर डॉक्टर एका काकांना तिसऱ्यांदा टोचत होता आणि मी शेजारी उशी धरून उभी. शेवटी काकाच म्हणाले, तुम्ही बघता का जरा.

जर्मनीत नर्सिंग म्हणजे तीन वर्षांची आउसबिल्डुंग. शिकताना पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो. पूर्वी म्हाताऱ्यांची नर्स, मुलांची नर्स आणि जनरल नर्स असे तीन वेगळे कोर्स होते, २०२० पासून एकत्र केले. म्हणजे रानजाई जे काइगोचं काम करते आहे ते इथे नर्सिंगच्या पोटातच धरलंय. आपलं शिक्षण झालेलं असेल तर बी-२ पातळीचं जर्मन आणि मान्यतेची परीक्षा किंवा त्याऐवजी काही महिन्यांचा कोर्स. ती मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून काम, मदतनीसाचा पगार.

महाराष्ट्र सरकारचा २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्गशी करार झाल्यापासून मला आठवड्याला चार मेसेज येतात. सगळ्यांना एकच सांगते, भाषा तिथूनच करून या. इकडे आल्यावर नाइट करून व्याकरण होत नाही.

क-तिहुआ काय माहीत नाही. वाखुसा (वाचनखूण साठवली).

नागपुरी_ब्रदर

ओहायोतून. 'ब्रदर' हा शब्द इथे सांगितला तर लोकांना वाटतं मी चर्चमध्ये आहे.

अमेरिकेत शिडी लांबलचक आहे. सर्वात खाली नर्सिंग असिस्टंट (म्हणजे आपल्या मावशी आणि मामा, पण सर्टिफिकेटवाले), मग एलपीएन (कमी शिक्षणाची परवानाधारक नर्स), मग आरएन (पूर्ण नर्स), त्यावर नर्स प्रॅक्टिशनर. ती तपासते, औषध लिहिते, आणि बऱ्याच राज्यांत डॉक्टरच्या सहीशिवाय स्वतःचा दवाखाना चालवते. याचा पहिला कोर्स १९६५ मध्ये कोलोरॅडोला निघाला, खेड्यातल्या मुलांना डॉक्टर मिळेनात म्हणून. शिवाय भूल देणारी नर्स. गावाकडच्या हॉस्पिटलात कितीतरी ठिकाणी भूल तीच देते. हे मी आमच्या मेडिकल कॉलेजच्या भूलतज्ज्ञ सरांना सांगितलं तर ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत.

तरी बेडपॅनला इथेही वरून खालपर्यंत सगळे हात लावतात. असिस्टंट दुसऱ्या खोलीत असेल तर आरएन करते. घंटा वाजली की जो जवळ तो.

सांधेजोड

अवांतर: मी फिजिओ, पुणे. चार महिने ओसाकाला होतो. तिथे गल्लोगल्ली 'सेक्कोत्सुइन'च्या पाट्या. म्हटलं हे काय, तर चक्क हाडवैद्य! ज्यूदोच्या आखाड्यातून आलेली विद्या, पण सरकारमान्य. तीन वर्षांचं कॉलेज, राष्ट्रीय परीक्षा, आणि मुरगळलं-निखळलं तर विम्यातून पैसे. हाड मोडलं किंवा सांधा निखळला असेल तर पहिली मदत द्यायची, पुढचे उपचार डॉक्टरच्या संमतीनेच. मालिश आणि ॲक्युपंक्चरचे परवानेही वेगळे. त्यात अंध लोकांची परंपरा एदो काळापासूनची.

आपल्याकडे हाडवैद्याकडे जाऊन आलेला माणूस माझ्याकडे येतो तेव्हा आधी अर्धा तास खोटं बोलतो. त्यांनी त्याच माणसाला शाळेत घालून परीक्षा घेतली. यावर माझं व्यावसायिक मत चांगलं नाही, पण खोटं बोलणं तरी वाचतं.

मेट्रनबाई

बाळा रानजाई, मी चौतीस वर्षं सरकारी नोकरी करून मेट्रन म्हणून निवृत्त झाले. दोन गोष्टी.

एक. पेशंटचं असं फोरमवर लिहायचं नसतं. तू नाव दिलं नाहीस हे बरं केलंस, पण शंभर वर्षांची, रेडक्रॉसची, समुद्रकाठची, अशा किती असतील गं? मुलीची परवानगी घेतलीस का? नसेल घेतली तर आधी घे, मग पुढचं लिही.

दोन. मावशींबद्दल. आमच्या वार्डात एक मावशी होत्या, त्या वासावरून सांगायच्या की पाच नंबरचं बेडसोअर बिघडलंय. ड्रेसिंग सोडायच्या आधी. माझ्या पोरी तोपर्यंत चार्ट भरत बसलेल्या. अंगाला हात कुणी लावायचा हे आपण जातीवरून, पगारावरून ठरवत आलो आणि त्याला 'ड्यूटी लिस्ट' म्हणालो. ज्याचा हात अंगाला लागतो त्यालाच आधी कळतं. तू आता जे शिकते आहेस ते मी तुला पहिल्या वर्षी शिकवायला पाहिजे होतं. (मिरजेत मी नव्हते, पण कुणीतरी.)

गुंडाळी फरशीवर टाकून बघायची पद्धत आमचीही. रेडक्रॉसच्या पुस्तकातून जगभर गेली असणार.

दप्तरखाना

रानजाई, आठ वर्षांचा हिशेब लागतो.

जपानी रेडक्रॉसच्या नर्सला शिक्षण संपल्यावर पुढची कित्येक वर्षं युद्धाचं बोलावणं आलं की जावंच लागे. सैनिकाला यायचा तसाच लाल कागद. अंगावरचं मूल सासूकडे ठेवून गेलेल्या बायका आहेत. त्या युद्धात ३३ हजारांच्या आसपास लोक रेडक्रॉसच्या पथकांतून गेले, ११०० हून जास्त परत आले नाहीत.

९ ऑगस्ट १९४५ ला सोव्हिएत फौजा मांचुरियात घुसल्या. पाच-सहा लाख जपानी सैनिक सैबेरियात गेले, बायका-पोरं रस्त्यावर. चीनमध्ये पुन्हा यादवी पेटलेली आणि कम्युनिस्ट फौजेकडे शिकलेले डॉक्टर-नर्स मोजके. त्यांनी जपानी हॉस्पिटलांमधली माणसं ठेवून घेतली. काही बळजबरीने, काही 'थोडे दिवस' म्हणून, काहींना दुसरीकडे जायला जागाच नव्हती. फौज दक्षिणेकडे सरकत गेली तशा या नर्सही स्ट्रेचर घेऊन सरकत गेल्या, काही थेट यांगत्सेच्या पलीकडे. ज्यांच्याशी कालपर्यंत युद्ध, त्यांच्याच जखमा बांधत. १९५३ च्या मार्चमध्ये दोन्हीकडच्या रेडक्रॉसच्या बोलण्यांतून जहाजं सुरू झाली, 'कोआन मारू' आणि 'ताकासागो मारू', ती मायझुरू बंदरात लागली. म्हणजे तुमच्या आजी बहुधा तिथे उतरल्या, तुमच्याच किनाऱ्याला. परत आल्यावर त्यांच्याकडे 'लाल होऊन आलेल्या' म्हणून बघत. पोलीस घरी चौकशीला येत, नोकरी मिळेना.

आता क-तिहुआ. हे 'के दिहुआ' असेल तर ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस! सोलापूरचे. १९३८ ला काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, आठव्या मार्ग सेनेत, म्हणजे कम्युनिस्टांच्या फौजेत राहिले, तिथल्याच नर्सिंग शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. हे त्यांचं चिनी नाव.

पण लगेच हार घालू नका. कोटणीस चीनच्या हपै प्रांतात होते, आजी मांचुरियात, आणि त्या तिथे पोचल्या तेव्हा कोटणीसांना जाऊन वर्षाहून जास्त झालं होतं. भेट अशक्य. मात्र त्या फौजेच्या दवाखान्यांत बेथ्यून (त्याच फौजेत काम केलेले कॅनडाचे डॉक्टर) आणि कोटणीस ही नावं नव्या पोरापोरींना धड्यासारखी सांगितली जात. तिथे कानावर पडलं असेल. किंवा आजी भलतंच काही म्हणाल्या असतील. शंभर वर्षांच्या, दात नसलेल्या तोंडातून आलेला चिनी शब्द, मराठी कानाने ऐकलेला, आणि मी तो देवनागरीत वाचतोय.

तिखटमीठ

अंगावर काटा आला.

सदाशिवगड

काटा मलाही आला, वेगळ्या कारणाने. मांचुरिया, लष्कर, वैद्यकीय पथक. ७३१ नंबरच्या तुकडीचं नाव अजून कुणीच कसं घेत नाही?

माझे आजोबा मराठा पलटणीच्या चौथ्या बटालियनमध्ये. मार्च १९४४, सांगशाक, इंफाळच्या वरच्या अंगाला. जपान्यांनी डोंगर वेढलेला, पाणी नाही, जखमी खंदकातच. कराडला परत आल्यावर ते जपानी हा शब्द तोंडाने घेत नसत, 'ते' म्हणायचे. आमच्या घरात जपानी रेडिओ आला तो आजोबा गेल्यावर. त्यामुळे गुंडाळी वगैरे वाचताना मला गहिवरून येत नाही, माफ करा. सेवा करावी, पगार मिळतो, उत्तम. हळवं व्हायची सक्ती नसावी.

दप्तरखाना

सक्ती नाहीच. ७३१ बद्दल थोडक्यात: हार्बिनजवळ पिंगफांगला इशिई शिरो या लष्करी डॉक्टरची तुकडी. जिवंत कैद्यांवर प्लेग, हिमदंश आणि शस्त्रक्रियांचे प्रयोग. बळी बहुतेक चिनी, काही रशियन, कोरियन. तिथून कुणी कैदी जिवंत बाहेर आला नाही. युद्धानंतर अमेरिकेने माहितीच्या बदल्यात त्यांच्यावर खटले भरले नाहीत. सोव्हिएतांनी १९४९ च्या डिसेंबरात खाबारोव्स्कला १२ जणांवर भरला. बाकीचे डॉक्टर विद्यापीठांत, हॉस्पिटलांत, कंपन्यांत परतले. इशिई १९५९ मध्ये अंथरुणातच मेला.

२०१८ मध्ये जपानच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने एका प्राध्यापकांच्या मागणीवरून यादी दिली. ३६०७ नावं. त्यात ५२ लष्करी डॉक्टर, ३८ नर्स आणि १११७ वैद्यकीय शिपाई. विषय 'कुठल्या देशात कोण काय करतं' असा असेल तर ही पदांची यादीही त्यातलीच.

पण मांचुरियात हजारो नर्स होत्या. रेडक्रॉसची पथकं लष्करी हॉस्पिटलात असत. या आजींवर ते चिकटवायला काहीही आधार नाही.

सदाशिवगड

आजींवर चिकटवत नाहीये. प्रश्न विचारला.

रानजाई

पाच दिवस इकडे फिरकले नाही, मुद्दाम. मेट्रनबाई, तुमचं बरोबर होतं. रविवारी मुलगी आली तेव्हा सगळं सांगितलं. आमच्या भाषेतल्या एका चावडीवर तुमच्या आईबद्दल लिहिलं, नाव न देता, आणि लोक काय काय म्हणाले तेही. मला वाटलं चिडेल. तिने विचारलं, कराडचे आजोबा किती वर्षं जगले? सदाशिवगड, सांगा म्हणजे मी तिला सांगेन.

नंतर मला घरी घेऊन गेली. पहिल्यांदाच. वाचायला हरकत नाही म्हणाली, फक्त गावाचं नाव नको. म्हणून लिहिते.

कोटणीसांचा फोटो फोनवर दाखवला. तिने ते नाव कधी ऐकलं नव्हतं. मग आजींना दाखवला. आजींनी फोन घेतला, पालथा केला, मागची रबराची कड नखाने सारखी केली आणि परत दिला. तेव्हा दप्तरखाना, तुमचा हार तुमच्याकडेच राहू दे.

आठ वर्षांबद्दल आजी घरीही बोलल्या नाहीत. रेडक्रॉसच्या जुन्या नर्सना १९७९ पासून सरकार थोडा भत्ता देतं, त्याचा अर्ज आला होता. त्यात कुठून कुठपर्यंत सेवा, कुठे, कुणाच्या हाताखाली, असे रकाने. आजींनी १९४५ पर्यंत भरला, पुढचे रकाने बघत बसल्या आणि अर्ज खणात ठेवून दिला. अजून तिथेच आहे, मी पाहिला. पेन्सिलीने भरलेला.

खण म्हणजे बुत्सुदानचा. आपल्या देव्हाऱ्यासारखं कपाट, पण आत पितर. आजोबांचा फोटो, सासू-सासऱ्यांचा. आजींच्या थोरल्या भावाचा फोटो मात्र नव्हता. तो फोन ठेवायच्या टेबलावर, बाजूला. मुलीने माझी नजर पाहिली असणार.

मामा वैद्यकीय शिपाई होता, हार्बिनकडे. परत आल्यावर एका औषधाच्या दुकानात माल लावायचा. मुलगी होकेन्शी झाली तेव्हा तिच्या आरोग्य केंद्रात एक जागा निघाली होती, पक्की, पेन्शनची. तिने त्याला अर्ज आणून दिला. त्याने घडी घालून परत केला. पलटणीतल्या कुणाचं नववर्षाचं कार्ड त्याला कधी आलं नाही, त्याने कुणाला पाठवलं नाही. इकडे नववर्षाची कार्डं न येणारा माणूस म्हणजे दिवाळीला ज्याच्या दाराशी पणती नाही असा.

खणात अर्जाखाली २०१८ सालचं वर्तमानपत्राचं कात्रण आहे, त्या यादीच्या बातमीचं. मुलगी म्हणाली, "इशिईने माणसांना निरोप देताना तीन गोष्टी बजावल्या होत्या. सरकारी नोकरी घेऊ नका, एकमेकांना भेटू नका, कुणाला काही सांगू नका. मामाने तिन्ही पाळल्या. पण ज्याची बायको-पोरं मांचुरियात मेली तो माणूसही असाच राहिला असता. त्याची दोन्ही गेली होती."

मी विचारलं, यादी पाहिलीत?

"नाही. आई आहे तोवर नाही. ती दर रविवारी त्याच्यासाठी मिसो सूप करून न्यायची. तिला माहीत असेल तर ती नेत होती. माहीत नसेल तरी नेत होती."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. तिने चहा केला, पातळ, आणि मला एन-१ च्या अभ्यासाची तिच्या पुतणीची पुस्तकं काढून दिली.

सदाशिवगड

एक्क्याऐंशी. १९९९ ला गेले. सांग तिला.

मेट्रनबाई

परवानगी घेतलीस, शाबास. पुस्तकं दिलीत तर आता एन-१ झालाच पाहिजे. सबबी नकोत.

संगमनेरी

धागा कुठून कुठे गेला. माझा प्रश्न साधा आहे, रानजाई किंवा कुणीही. माझी आजी ८६ वर्षांची, घरीच असते. डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. दिवसभर पदराचे दोरे काढते, चादर ओढते, नखांतून रक्त येईपर्यंत. हात बांधायला सांगितलं एका बाईंनी, आईने त्यांना घालवून दिलं. तुमच्याकडे काय करतात?

रानजाई

बांधायचं नाही. इकडे २००० साली काइगो विमा सुरू झाला तेव्हापासून बांधायला बंदीच आहे, जिवावरचंच कारण असेल तरच सूट, आणि तेही लिहून. हातमोजेसुद्धा बांधण्यातच धरतात.

आधी बघा दुखतंय का, खाजतंय का, लघवी तुंबली आहे का. बोलता येत नाही तेव्हा माणूस चादरच ओढतो. ते नसेल तर हाताला काम द्या. आजी आधी काय करायच्या?

संगमनेरी

विड्या वळायची. चाळीस वर्षं, रोजच्या हजार.

रानजाई

मग प्रश्नच मिटला. मांडीवर पाखडायचं सूप द्या. कागद पानाच्या मापाने कापून द्या, दोऱ्याचं रीळ द्या. कात्री नको. तंबाखूऐवजी ओवा नको, डोळ्यात जाईल. लाकडाचा भुसा चाळून चालेल.

संगमनेरी

तीन दिवसांनी लिहितोय. आईने वहीचे पुठ्ठे काढून कागद कापले, माळ्यावरून सूप काढलं. आजीने सूप मांडीवर बरोबर घेतलं, तिरकं, उजवा गुडघा वर. पहिला कागद नाकाला लावला आणि परत दिला. म्हणाली, "हे पान नाही." दुसरा घेतला, तोही परत. मग आईकडे बघून, "पानं भिजवली नाहीस?" असं ओरडली की शेजारच्या काकू आल्या.

दीड वर्षांत पहिलं पूर्ण वाक्य. आज अकोल्याच्या... म्हणजे अकोल्याला जाऊन, आमच्या शेजारचं अकोले, विदर्भातलं नाही, टेंभुर्णीची पानं आणतोय. किती वेळ भिजवायची असतात कुणाला माहीत आहे का? आजीला विचारलं तर मारायला उठते.